दोन ठोकळे

अंबडच्या कारखान्यात मला काम मिळालं :
कचरू खैरनार उतरवून घेणं.
एकतीस जानेवारीला ते निवृत्त.
त्याआधी त्यांच्या डोक्यातलं सगळं
एक्सेलच्या तक्त्यात यायला हवं.
सल्लागारांनी रकानेही आखून दिलेले :
काय येतं, कुठे शिकलात,
दुसऱ्याला शिकवता येईल का,
हो किंवा नाही.

नाना भट्टीसमोर उभे. स्टूल आहे, बसत नाहीत.
स्प्रिंगला पाणी नीट चढलं हे कशावरून ओळखता?
"रंगावरून."
कोणता रंग?
त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.
"पिंपळगावला गेलात कधी, फेब्रुवारीत?
थॉमसनचा मणी हिरवेपणा सोडतो ना,
तो नाही. त्याच्या पुढचा.
व्यापारी ज्या दिवशी बागेत शिरतो, त्या दिवशीचा."
मी लिहिलं : फिकट पिवळा.
लिहितानाच कळलं, मणी गळाला.

रात्री इंदिरानगरला, जेवण तसंच झाकून ठेवून,
अकरा वर्षांचा नापास माल मांडून बसले.
डिसेंबर, जानेवारी. सोमवार. पहिली पाळी.
निफाडचा पारा पाचाखाली गेला
की आमचं पोलाद मऊ पडतं.
पण सगळ्या सोमवारी नाही.
काही सोमवार स्वच्छ.
हजेरीपट शेजारी ठेवला.
स्वच्छ सोमवारी भट्टीवर
एकच नाव.

मागच्याच वर्षी आम्ही तेलाच्या टाकीला हीटर बसवला.
सहा लाख. एक सादरीकरण, एक स्मृतिचिन्ह,
कॅन्टीनमध्ये गुलाबजाम.
रविवारभर तेल गारठतं, हा आमचा शोध.

"नाना, तुम्हाला हे ठाऊक होतं?"
"त्यात काय. दोन ठोकळे लाल करायचे,
तेलात सोडायचे. मग माल."
"मग सांगितलं का नाही?"
"सांगितलं की. पेटीत."

सूचनापेटी पंचिंग मशीनशेजारी,
तिच्यावर कुणाचं तरी हेल्मेट.
किल्लीवाले भामरे साहेब कधीच वापीला गेलेले.
कुलूप कापलं.
आत गुटख्याच्या पुड्या, सिटी बसचं तिकीट,
मॅनेजरला एक नेटकी शिवी,
आणि निळ्या शाईत, एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख घालून,
दोन ठोकळे.
टोकन नंबर. सही.
शेवटी : कळावे.

मला रामकुंड आठवलं.
बाबांच्या दहाव्याला गुरुजींनी एवढंच विचारलं,
गाव सांगा, आडनाव सांगा.
लाल फडक्यातून लांबोडकी वही निघाली
आणि माझ्या खापरपणजोबांची सही,
वळणदार मोडीत, उन्हात आली.
कुणी पासवर्ड मागितला नाही.
त्या वहीत मुलींची नावं नव्हती,
हेही मी पाहिलं.
प्रत्येक वहीला तिचं कुलूप असतंच,
कुठे पितळी, कुठे नुसती सवय.

नाना गेले. शाल, भिंतीवरचं घड्याळ,
चार शब्द बोला म्हटल्यावर
खरोखर चारच शब्द.
माझी फाइल पूर्ण झाली, बावन्न ओळी.
सतरावी ओळ : ठोकळे, संख्या दोन.
सर्व्हरवर चढवली.
कुणी उघडली का ते मोजता येतं.
मी मोजलं नाही.

फेब्रुवारीचा दुसरा सोमवार. हीटर ट्रिप.
दुरुस्तीवाला सिन्नरहून निघालाय,
पोहोचायला तास तरी.
मी धावत खाली गेले, फाइलची प्रिंट हातात.
भट्टीवर वडाळ्याचा तौसीफ,
कंत्राटी, सात महिन्यांचा,
त्याला तर लॉगिनही दिलेला नाही.
ठोकळे आधीच तेलात.
धूर, आणि तो करपट वास.

मी वाकून मोजले.
"तीन? नाना दोन टाकायचे."

त्याने हात पोत्याला पुसले.
"हो. आज थंडी जास्त आहे, मॅडम."