डावा कान लाल, उजवा निळा

मंगळवार बाजारातून ड्रम आणला
तेव्हा त्याला तीनच पाय होते.
चौथ्याच्या जागी आईचं विड्यांचं जुनं सूप
पालथं घालून सारलं.
चार पॅड. पिवळं-हिरवं ठीक,
लाल आणि निळं मेलेलं.
काठी मारली की नुसतं रबर हलायचं,
पडद्यावर काहीच नाही.

उघडून बघितलं. आत
रुपयाएवढी पितळेची चकती, वर पांढरा लेप.
मार खाल्ला की ती चिमूटभर वीज देते,
तेवढंच तिचं काम.
मग रात्री विडी घरकुलातले दिवे गेले
आणि अंधारात मला सुचलं :
इअरफोनच्या तारेतूनही
चिमूटभर वीजच तर येते.
यंत्राला काय कळणार,
काठीची कुठली, तारेची कुठली?

इअरफोन कापला.
डावा कान लालला जोडला, उजवा निळ्याला.
लाल-निळ्यापुरतंच एक गाणं शोधलं
आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला
कॉम्प्युटरवर एक टिचकी बसवत गेलो,
वाळूच्या कणाएवढी,
कानाला ऐकू आली तर आली.

आवाज कमी ठेवला तर ठोका लागेना,
वाढवला तर एकाचे दोन.
बहात्तरवर जमलं.
एकाहत्तरवर नाही, त्र्याहत्तरवर नाही.
डावा अंगठा कीबोर्डवर, उजवा रिमोटवर,
दोन्ही एकाच श्वासाला.
पापणीएवढा उशीर झाला
की सगळं गाणं चुकत जायचं,
शेवटपर्यंत, इमानदारीत.

सिद्राम म्हणाला, चीटिंग करलालास बे.
म्हटलं, एकही ठोका मी मारलेला नाही,
मग चीटिंग कशी?
तो विचार करत घरी गेला.

अठराव्या वेळी लागलं.
मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो
आणि पॅड आपले आपण वाजत राहिले,
म्हणजे वाजले नाहीतच,
पडद्यावरची गर्दी मात्र उड्या मारायला लागली.
दोनशे सलग. तीनशे.
छातीत काहीतरी पोकळ व्हायला लागलं,
ते का, कळेना.

नान्ना दारात आले.
एकतीस वर्षं मागावर काढली त्यांनी,
कानात आता फक्त माग उरलेत,
बाहेरचं काही आत येत नाही.
म्हणून ओरडूनच बोलतात :
"कोण वाजवलालंय?"
मी हात वर केले. दोन्ही, रिकामे.

ते माझ्याकडे बघेनात, ड्रमकडेही नाही.
हात मागे बांधून
टीव्हीसमोर फरशीवर चालायला लागले,
तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे,
मान थोडी वाकडी.
"चार माग एकटा बघायचो.
धोटा जातो की त्याचा तो.
माणसानं तुटलेला धागा बघायचा."

चारशे अकरा. चारशे बारा.
आणि कॉम्प्युटर म्हणाला, टिंग.
तीही वीजच.
तीही त्याच तारेतून गेली,
लालवर एक, निळ्यावर एक,
गाण्यात कुठेच नसलेले दोन ठोके.
आकडा घसरून शून्य.

ऐकू आलं मला,
पण बोट ठेवलं नान्नांनी,
पडद्यावर, नेमकं तिथंच :
"तुटला."

मेसेज भाग्याचा होता, भिवंडीहून.
जेवलात का, एवढाच.
नान्नांना वाचून दाखवायचा म्हणजे
मोठ्यानं ओरडावं लागतं.
मी ओरडलो. शेजारची खिडकी उघडली, बंद झाली.

त्यांनी भाग्याच्या फोटोकडे बघितलं,
मग त्या शून्याकडे,
सुपाच्या टेकूवर पाय रोवून
खुर्ची ओढली.
"परत लाव."

लावलं.
त्याआधी तिला लिहिलं,
जेवलो.
आता पाच मिनिटांत मधेच कधीतरी
काहीही पाठव.
कधी, ते सांगू नकोस.