दहा पूर्णांक चार

टोलेडोत उतरलो तेव्हा उणे नऊ होतं.
टॅक्सीवाल्याला हॉटेलचं नाव सांगितलं,
ते माझं आहे हे नाही सांगितलं.
एकशे बारा खोल्यांतलं नेमकं किती माझं
ते वकीलबाईंनाही सांगता आलं नव्हतं.
चार खोल्या म्हणा. अर्धी लिफ्ट. थोडं पार्किंग.

आठ लाख डॉलर.
इचलकरंजीतलं सायझिंग गेलं, नदीकडची शेड गेली,
बहात्तर माग भंगाराच्या किलोवर गेले.
वकीलबाई म्हणाल्या, मिस्टर मॅगडम,
प्रत्येक रुपया कुठून आला ते दाखवा.
दाखवला. सातबारा, ताळेबंद,
सत्त्याऐंशी सालच्या लाल चोपडीचं
शिक्क्यासकट इंग्रजी भाषांतर.
पहिले चार माग ज्यांच्यावर उभे राहिले
त्या सुनंदाच्या पाटल्यांची तेवढी पावती नव्हती.
गाळून टाका, म्हणाल्या.
गाळल्या.
अमेरिकन सरकारच्या दप्तरी
माझा धंदा पाचव्या मागापासून सुरू होतो.

नियम असा की तुमच्या पैशातून
इथल्या दहा माणसांना काम मिळालं पाहिजे.
नऊ चालत नाहीत.
कुणा अर्थतज्ज्ञाचा अहवाल आला,
माझ्या नावापुढे : दहा पूर्णांक चार.
मी पोरीला फोनवर विचारलं,
पॉइंट चार माणूस कसला गं असतो?
ती म्हणाली, बाबा, तो गणिताचा आकडा आहे.
खरी माणसं नसतात ती.

तरी आलो बघायला.
रोकड न जुळवता दुकानाला कुलूप लावलेलं नाही कधी.

काउंटरवर डार्नेल. एक.
नाश्त्याला अंडी फोडणारी, मनगटाला पट्टा बांधलेली बाई. दोन.
दारातलं बर्फ ओढणारा म्हातारा, फावडं घरून आणतो.
तीन धरला, फावडं त्याचं असलं तरी.
तळघरात चादरींच्या वाफेत इल्डा.
विचारलं, कधीपासून? चार बोटं. महिने.
त्याआधी? पलीकडच्या हॉटेलात.
ते बंद पडलं, हे उघडल्यावर.
आता हिला धरायची का नाही?
मी धरली. कोण बघतंय.
संध्याकाळपर्यंत सातावर आलो.
रात्रपाळीला अजून एकजण असतो म्हणे, कधी कधी.

मग झोप येईना,
आणि दुसरी मोजदाद सुरू झाली, जी कुणी मागितलीच नव्हती.
गुंडू जॉबर.
तिप्पण्णा, बावीस वर्षं खळीच्या वासात.
वहिफणीची आक्काताई, डोळे गेले तरी
बोटानं तार ओळखायची.
कांडीवाली पोरं, त्यांची नावं एकात एक मिसळतात.
शौकत फोरमन, ज्यानं हिशेबाचं पाकीट
न उघडताच खिशात घातलं
आणि म्हणाला, मालक, तिकडं थंडी लई असती न्हवं?
एकेचाळीस.
अपूर्णांकात कुणी नव्हतं.

हिरवं कार्ड आलं की पाच वर्षं थांबायचं,
मग हात वर करून शपथ.
जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतात,
आठवण म्हणून ठेवा म्हणतात.
पोरगी म्हणते, तुमच्यासाठी नाही बाबा, नातवंडांसाठी.
नातवंडं अजून व्हायची आहेत.
त्यांच्यासाठी मी इथं, मोज्यांवर मोजे घालून,
तीनशे नऊ नंबरच्या खोलीत, माझ्याच हॉटेलात
पूर्ण भाडं भरून.

खिशात पीक ग्लास असतोच. सवय.
दिवा जवळ ओढला, चादरीवर भिंग ठेवलं.
टेबलावरचं कार्ड म्हणतं, इंचाला अडीचशे धागे.
मोजले. एकशे ऐंशी भरले.
सुनंदा असती तर म्हणाली असती,
झोपा आता, गिऱ्हाईक झालात तुम्ही.

उशीपाशी एक तार तुटलेली.
चार बोटं जागा उघडी, मग गाठ,
आणि पुढं कापड सरळ.
कुठल्या गावची चादर, कळत नाही,
लेबल धुण्यात गेलंय.
पण तेवढ्या एका तारेसाठी
कुणीतरी माग थांबवला होता.

भिंग मिटलं, दिवा घालवला.
गाठ अंधारात बोटाला लागत राहिली.