दहापैकी तीन

प्रसेनजीतनं लातूरहून पाठवली ही मांगा,
मेसच्या पैशांतून वाचवून घेतलेली, सातशे रुपयांची.
वर चिठ्ठी: मावशी, रात्री एकटी असताना वाच
आणि दहापैकी मार्क दे.

एकटी मी असतेच. औशाच्या दवाखान्यात
एक्स-रेच्या खोलीत रात्रपाळी,
काळ्या-पांढऱ्यावरच माझं पोट.
म्हटलं, बघू जपानची माणसं आतून कशी दिसतात.

उलटी धरली आधी. शेवटच उघडला.
सिस्टर इरफाना हसली. अगं, आमच्या उर्दू शाळेसारखं,
उजवीकडून. तिनं चार पानं सरसर चाळली
आणि जांभई दिली.
तेव्हाच ओळखायला हवं होतं.

तर एक बाई. कामावर जाते, कुणाशी बोलत नाही.
तिला वाटतं, कपाटात आपल्यासारखीच एक राहते.
इथवर बरं होतं.
मग डोळे. पानभर डोळे, डोळ्यांत डोळे,
मोजून घ्यावेत इतके दात,
नळातून केस, भातातून केस,
आणि दोन पानांवर ताणलेली एक किंकाळी
मधल्या शिवणीत अडकून बसलेली.
शाई सांडली की भीती होते,
असं कुणी सांगितलं या माणसाला?

शेवटी एक डॉक्टर येतो, चष्मा पुसतो,
दीड पानात बाईचं लहानपण उजेडात धरतो,
नातेवाइकांना फिल्म दाखवावी तसं:
हे बघा, इथं मोडलंय.
अठरा वर्षं फिल्मा काढते मी.
मोडलेलं दिसतं.
दुखतं ते कधीच आलं नाही फिल्मवर.

मार्क द्यायला बसले. चित्रांना दोन.
कागद चांगला आहे, त्याला अर्धा.
पण एकेचाळिसाव्या पानावर, खाली कोपऱ्यात,
काडेपेटीएवढी एक चौकट:
टेबलावर कप. कपातल्या चहात
वर्तुळात वर्तुळ.
दिव्याची दोरी जराशी कललेली.
बाई बघते. बास.
पुढच्या चौकटीत ती लिफ्टमध्ये.
काढणाऱ्याला त्याचं काही नाही,
त्याच्या देशात रोजचंच असेल.
मी तिथंच थांबले,
कुणीतरी मोडका हात घेऊन येईपर्यंत.

आमच्या घरात मांडणीवर भांडी नसतात.
त्र्याण्णवपासून सगळी खाली, पालथी, फडक्यावर.
दाराला आतून कडी नाही, आईनं उपटूनच टाकली.
रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला
की तिचा हात परातीत थांबतो.
ट्रक ट्रकच आहे असं ठरलं
की मग भाकरी पुढं सरकते.
ती किंचाळलेली मला आठवत नाही.
तिला कुणी डॉक्टरही भेटला नाही
दीड पानाचा.

सकाळी तिला ते पान दाखवलं,
बाकीच्या चौकटी तळव्यानं झाकून.
पिठाचे हात लांब धरून तिनं बघितलं,
कपाळावरचा चष्मा मनगटानं खाली ओढला,
पुन्हा बघितलं.
मग म्हणाली,
‘ह्या खोलीला दार कुठंय?’

शोधलं. ती खोली पुस्तकात बावीस वेळा येते.
खिडकी आहे, कपाट आहे, कपाटातली ती आहे.
दार कुणी काढलेलंच नाही.
काढणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं,
कारण तसं असतं तर त्यानं
त्याच्यावरही दोन पानं डोळे काढले असते.

प्रसेनजीतला कळवलं: दहापैकी तीन.
शेवट भिकार. डॉक्टरला हाकलून द्यावं.
तो म्हणाला, मलाही तेवढंच वाटलं.
अर्धा कशाचा वाढवला ते विचारलं नाही.

पुस्तक परत गेलं, त्यालाही आता महिना झाला.
आई मात्र मधूनच, काठवटीत पीठ घेता घेता,
‘निघाली का गं ती बाहेर?’