उजवं इंजिन

वर्षातून एकदा, ऑगस्टात, बर्फ वाट देतं
तेव्हा जहाज पिंपं उतरवून जातं,
एकेक दोनशे पाच लिटरचं.
पुढचं सगळं वर्ष मी त्यांच्यावर
धनावरच्या नागासारखी बसून असते.

मार्कूसीचं विमान तासाला साडेतीनशे लिटर पितं.
चढताना जास्त, दहा हजार फुटांवर जरा कमी,
आणि समोरून वारा असला
तर ते मलाच पितं.

इंजिनाचं आयुष्य तासांत मोजतात
आणि किती वेळा पेटवलं, त्यातही.
म्हणजे चालत राहण्याचे पैसे
आणि पुन्हा सुरू होण्याचेही.

जानेवारीच्या ताळेबंदात मला सापडलं:
बॅफिनच्या उत्तर टोकाला, प्रत्येक खेपेला,
डावं बंद, उजवं चालूच.
अकरा मिनिटं. अकरा लिटर.
पेट्या उतरतात, माणसं चढतात,
पंखा आपला फिरतोय.
मी लाल शाईनं विचारलं, का?
तो म्हणाला, शुक्रवारी एक सीट रिकामी जातेय. चल.

उणे एकोणचाळीस.
खिशातल्या खिशात पेन गोठलं.
डावं थांबलं तशी शांतता कानशिलावर येऊन बसली.
दूर, स्लेजपासून, क्वाउनाक निघाली,
पिशवीत गोठलेला मासा, ओंडक्यासारखा,
दहा पावलं चालायची, कुणाशी तरी बोलायची,
पुन्हा दहा पावलं.
कुणी तिला घाई केली नाही.
घड्याळ बघत होते ती एकटी मीच.

"गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात," मार्कूसी म्हणाला,
"तुझं ऐकून दोन्ही बंद केली होती इथे.
अकरा लिटर वाचले.
मग बॅटरीनं मान टाकली.
चार प्रवासी, तीन रात्री, शाळेच्या वर्गात.
हिची डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख हुकली.
आता एकाच डोळ्यानं पाऊल टाकते,
म्हणून वेळ लागतो."

मला आठवलं.
सुटकेला पाठवलेलं दुसरं विमान, त्याचं इंधन, मेकॅनिकचा भत्ता,
सगळं मी 'इतर'मध्ये टाकलं होतं.
डोळा कुठेच नव्हता.

परतल्यावर वहीत नवा रकाना आखला.
मथळा सुचेना.
शेवटी लिहिलं: क्वाउनाकची चाल, ११ लिटर.

मुख्य कार्यालय विचारतंय, हे कुठलं खातं?
अजून उत्तर दिलेलं नाही.
बाहेर जाऊन पिंपं मोजून आले.
एकोणसाठ.
ऑगस्ट लांब आहे.