ट्रक भरेपर्यंत
(सावदा, माघ)

ट्रक भरायला अजून दोन तास होते,
म्हणून सेल्वमला म्हटलं, चल बांधावर.

पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ उतरत आलेला,
आत वांगी, फिक्कट हिरवी,
सालीतून शिट्ट्या मारणारी.
ढेमा बोंडेनं ती नुसत्या बोटांनी सोलली.
लुकमान तडवीनं लसूण, मिरच्या बडगीत टाकल्या,
मोजल्या नाहीत.
मग धबधब, धबधब.
मग तेल. 'अजून,' लुकमान म्हणाला.
अजून तेल.

केळीच्या पानावर वाढलं.
पान पाहून सेल्वम सकाळपासून पहिल्यांदा हसला.
पाणी शिंपडलं, तळव्यानं पुसलं,
आणि भाताची वाट बघत बसला.
आली कळण्याची पुरी.

पहिल्या घासाला कपाळावर घाम.
दुसऱ्याला खुणेनं कांद्याची पात मागितली.
पाचव्याला तो गावी फोन लावून
बायकोला बडगी दाखवत होता.
ती काहीतरी विचारत होती,
बहुतेक चिंच घालतात का,
कारण तो मान हलवून म्हणत होता, नाही, नाही.

काट्याची पावती फाडताना त्यानं नाव विचारलं.
भरीत.
'परीत.'
भ, आम्ही तिघं ओरडलो. भ, भाऊतला.
'परीत.'
बरं बाबा, परीत.

पावतीच्या कोपऱ्यात त्यानं लिहून घेतलं.
कार्बनची प्रत माझ्याकडे राहिली:
अकरा टन दोनशे,
वर निळी, गोल गोल अक्षरं.
मला वाचता येत नाहीत.
भरीत असेल.
किंवा, चिंच नाही.