लेखाशीर्ष

नरिमन पॉइंटला, तिसऱ्या मजल्यावर
मी समित्यांची प्रवासबिलं तपासते.
अधिवेशन संपलं की सभागृहाला कुलूप,
आणि माझ्या टेबलावर सुगी.

इनोव्हा चार. मुक्काम दोन रात्री.
शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ : कोणासाठी, नमूद नाही.
काजूपुढे मी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढते.
एकोणीस वर्षांत एकाही काजूने
उत्तर दिलेलं नाही.

काल ठराव आला : घटनाच दुरुस्त करा.
वर्षाला तीस दिवस बसा, एकतिसावा नको,
आणि मधल्या काळातल्या समित्यांना
रुपयांची वेसण.
चर्चा रात्री पावणेदोनपर्यंत चालली.
आवक-जावकचे पिंटो म्हणाले, सुटलीस की गं!

सुटले असते.
पण कपाटात एक जुनं बिल आहे, मोखाड्याचं.
जीप एक. चहा अकरा कप.
सोबत टाचणीने लावलेला कागद,
समितीतल्या कुणा बाईंच्या तिरक्या अक्षरात :
आश्रमशाळा. मुली एकशे बारा.
न्हाणीघराला दार नाही.
आज चौकटीचं माप घेतलं.

त्या चहाचे पैसे मी कापले होते,
पावती नव्हती म्हणून.
दार लागलं का, ते बिलात लिहीत नाहीत.

आता मर्यादेचा तक्ता मलाच आखायला सांगितलाय.
रकाना पहिला, दिवस. दुसरा, रुपये.
खाली बाकं पुसतायत, फिनेलचा वास वर येतोय,
त्यात थोडा समुद्राचा.
पट्टी धरून बसलेय मघापासून.
कागदावर जागा आहे अजून
एका रकान्याची.