शुभेच्छुकांच्या रांगेत

पहिल्यांदा ती माझ्याकडं आली
ती तळातल्या रांगेत, डावीकडून अकरावी,
यशोवर्धनदादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर.
तिकिटाएवढा फोटो, आधारकार्डावरनं कापलेला.
नाव टाकायला जागा उरली नव्हती,
'म. हुक्केरी' एवढंच टाकलं.
कुणी तक्रार केली नाही.

लक्ष्मीपुरीत माझं दुकान. बावीस वर्षं
या शहराचे चेहरे मी लहान-मोठे करतो.
कोण चढला, कोण उतरला,
पेपरच्या आधी मला कळतं, फुटाच्या हिशोबानं.

यंदा पक्षानं नवंच काढलं:
शहराध्यक्ष वरनं येणार नाही,
सभासद निवडणार, दर रविवारी एक पेठ.
दादा हसले म्हणे. हसण्यासारखंच होतं.
समोर कोण, तर उद्यमनगरात
जळक्या मोटारी भरून देणारी मलप्रभा,
हद्दीपलीकडची, बोलताना
वाक्याच्या शेपटाला 'री' लावणारी.
ना तालीम, ना भावकी, ना कारखान्याचा शेअर.

कसबा बावड्यात तिला एक्केचाळीस मतं पडली.
चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं,
'एक्केचाळीस मोटारी भरल्या असतील.'
खरंच होतं ते.
महापुराच्या साली शहराच्या बुडलेल्या मोटारी
तिनं पंख्याखाली वाळवल्या,
तांब्याच्या तारेचा वेढ्यावर वेढा देत
पैसे नंतर द्या म्हणाली,
आणि ते 'नंतर'
लोकांच्या डोक्यात तसंच राहिलं होतं.

दुसऱ्या रविवारी उत्तरेश्वर. दोनशे बारा.
तिसऱ्या रविवारी राजारामपुरी.
तिथं गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत,
आणि त्या रात्री नंबरच फिरले.

सोमवारी सकाळी शटरपुढं सात जण.
चार बाय सहा. आठ बाय दहा.
शिवाजी पेठेतल्या मंडळाला तर दहा बाय वीस, अर्जंट.
फोटो एकच, तोच, आधारचा.
ताणला की फाटायचा.
डोळ्यांच्या जागी चौकोन, ओठांच्या जागी चौकोन,
जवळनं बघितलं तर बाई नाही, नुसती फरशी.
लांबनं बघा, म्हणालो.
लांबनं ती सगळ्यांना आपलीच दिसत होती.

मजकूर आला: 'करवीरची रणरागिणी,
आपल्या मातीतली लेक.'
मी टाकला. माझं काम टाकायचं.
रात्री दीडला ती स्वतः आली,
बोटांना वार्निशचा वास, कानामागं पेन्सिल.
पडद्यावरच्या बाईकडं बराच वेळ बघत राहिली,
कुठंतरी बघितलंय हिला, अशा नजरेनं.
मग म्हणाली, 'मातीतली काढा की री.
माती हुक्केरीची हाय माझी.
पायजे तर पाण्यातली म्हणा.
पाण्यानंच वळख झाली हितं.'
मी काढलं.
सकाळी कार्यकर्त्यांनी परत घालायला लावलं.

शिवाजी पेठेचा निकाल लागला तेव्हा
मशीनच्या घरघरीत मी झोपलो होतो.
फोननं उठवलं: बारा बोर्ड, विजयाचे,
आणि बाराही बोर्डांवर, तळातल्या रांगेत,
डावीकडून कितवे ते मोजलं नाही,
दादा. हात जोडलेले. तिकिटाएवढे.
नावाला जागा होती. मी पूर्ण टाकलं.

एक सांगायचं राहिलं.
माझ्या बोअरची मोटार फेब्रुवारीपासनं
तिच्याकडं पडून आहे.
उद्यमनगरला दोनदा जाऊन आलो.
शटरला कुलूप, कुलपाला हार.
पावती खिशात आहे, तिच्या अक्षरात:
'मंगळवारी मिळेल.'
कुठला मंगळवार, ते मी तेव्हा विचारलं नाही.